न हुंगलेले गुलाब

आमच्या घरात गुलाब हुंगायचे नाहीत, असा नियम होता. नियम नवऱ्याचा. तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता, पण मुलगी पाच वर्षांची असताना तिनं एका रविवारी अंगणातलं फूल नाकाशी नेलं आणि एरवी आवाजही न चढवणाऱ्या या माणसानं तिच्या हातावर फटका मारला. फूल चिखलात पडलं, मुलगी तासभर रडली आणि नियम सगळ्यांना पाठ झाला. फूल बघायचं, देठाला धरून फिरवायचं, पौर्णिमेला विहारात न्यायचं. नाकाजवळ न्यायचं नाही. शेजारणीला वाटायचं की वाहायची फुलं हुंगू नयेत म्हणून आम्ही हे पाळतो. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. खरं कारण सांगायची मला लाज वाटायची.

खरं कारण औषध. रत्नागिरीत नुसतं ‘औषध’ म्हटलं तर निम्म्या लोकांना डॉक्टर आठवत नाही, आंब्याचा मोहोर आठवतो. आमच्या कुंपणापलीकडे आंब्याची बाग आहे. थंडीत तिथे फवारणी चालली की संध्याकाळी टाकीच्या तळाशी उरलेलं औषध आमच्याकडे यायचं. फेकून कशाला द्यायचं, गुलाबांना होईल. शेजारी मोठ्या मनानं द्यायचा, नवरा मोठ्या आनंदानं घ्यायचा. वर्षाचे बाकीचे रविवार त्याच्या स्वतःच्या फवारणीच्या पंपाचे. नाकातोंडाला ओला पंचा बांधून तो झाडाझाडाभोवती फिरायचा, आणि आत येऊन त्याच पंच्यानं तोंड पुसायचा.

समोर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना एकेरी सोपं पडतं.

गुलाब अकरा होते, सगळे जमिनीत. जमीन म्हणजे नावाला. वीतभर मातीखाली कातळ. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यानं पहारीनं अकरा खड्डे फोडले आणि गावच्या शेतातली माती गोणीतून आणून ते भरले. एवढ्या मेहनतीत विहीर झाली असती, असं मी तेव्हा म्हणाले होते. बारावा गुलाब कुंडीत होता. तो कचेरीतला. नोकरीला लागल्या वर्षी त्यानं कचेरीच्या आवारात एक झाड लावलं होतं आणि निवृत्त झाला त्या दिवशी शाल-नारळाबरोबर त्या झाडाची एक फांदी कापून घरी आणली. फिकट गुलाबी, भरपूर पाकळ्यांचं फूल. बाकी अकरांपेक्षा त्याचा जीव या बाराव्यात जास्त.

मला स्वतःला गुलाब आवडत नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि वर्गात सारखं कौतुक लागणारी काही मुलं असतात, तसं हे झाड. जास्त पाणी चालत नाही, कमी चालत नाही, सावली चालत नाही, आणि आमचा पाऊस तर मुळीच चालत नाही. मला अबोली आवडते, तगर आवडते. कुणी विचारो न विचारो, त्या आपल्या फुलत असतात.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात नवऱ्याला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग नुसतं बोलतानाही. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढले आणि घरी काय काय करता ते विचारलं. मी रविवारचं सगळं सांगितलं. फवारणी आजपासून बंद, ते म्हणाले. त्याच्या खिशात श्वासाचा लहानसा पंप आला आणि हातातला पंप माळ्यावर गेला.

माणूस मग खुर्चीत बसला तो बसलाच. पडवीत खुर्ची, समोर अंगण, मांडीवर सकाळचा पेपर, तोही पहिल्या पानावरच. आंघोळीला बारा वाजवायचे. एकदा मी गॅसवर दूध ठेवून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. परत येते तर फाटकापर्यंत करपल्याचा वास, स्वयंपाकघरात धूर, आणि हा दारालगत तिकडे पाठ करून पेपर धरून बसलेला. मी वाट्टेल ते बोलले. नुसतं उठून गॅस बंद करायचा, तेवढंही होईना का? त्यानं मान वर करून पाहिलं आणि “मला कळलंच नाय” एवढंच म्हणाला. मला वाटलं, याला आता कशाचंच काही वाटेनासं झालंय. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

पाऊस लागल्यावर गुलाबांची दैना सुरू झाली. पानांवर काळे ठिपके, भोवती पिवळा रंग, मग पान गळायचं. फवारणी होती तेव्हा हे दिसत नसे. आषाढ पौर्णिमेला, म्हणजे आमचा तीन महिन्यांचा वर्षावास सुरू होतो त्या दिवशी, विहारातून परत आल्यावर तो पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, “काढून टाकूया सगळे. सडताना बघायला नको.”

“आणि तिथे काय?”

“दोडके लाव. मांडव घालू.”

दोडके मला गुलाबांपेक्षा केव्हाही जास्त आवडतात. पण मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हे खड्डे रिकामे झाले की याला खुर्चीतून उठायला काहीच उरणार नाही, हे मला स्पष्ट दिसलं. खुर्चीतून मग खाट, आणि खाटेवरून पुढे कुठे ते सगळ्यांना ठाऊक असतं. मी म्हटलं, “वर्षावास संपेपर्यंत माझ्याकडे द्या. औषध न मारता बघते.”

“तू?” तो म्हणाला. गेल्या दोन महिन्यांत त्याच्या आवाजात एवढा जीव मी ऐकला नव्हता. “आश्विन पौर्णिमेला विहारात न्यायला एक धड फूल दाखव. नायतर दोडके.”

अशी मी गुलाबवाली झाले, तेही कोकणातल्या पावसात. कोणत्याही शहाण्या माणसानं हे थंडीत सुरू केलं असतं.

मुंबईहून मुलगी मोबाईलवर चित्रफिती पाठवायची. केळीच्या साली भिजवा, अंड्याची टरफलं कुटा, लसूण-मिरची वाटून गाळा. त्या चित्रफितींत ऊन पडलेलं असायचं आणि बाईच्या हातात पांढरे मोजे असायचे. आमच्याकडे लसूण-मिरचीचं पाणी मारून मी घरात येईपर्यंत सर आली आणि सगळं मातीत गेलं. डोळे मात्र माझे दिवसभर चुरचुरले. खायचा सोडा पाण्यात घालून, त्यात साबणाचे आणि तेलाचे चार थेंब टाकून पानांवर मारायचा, हा उपाय बरा होता, पण त्यालाही निदान अर्धा दिवस उघडीप हवी. कडुनिंब सगळ्यांनी सांगितला. आमच्या भागात कडुनिंबाचं झाड शोधत हिंडावं लागतं. करंज मात्र हवे तेवढे. करंजाच्या बियांचं कडू तेल, आमच्याकडे ते गुरांच्या खरजेला लावतात, ते साबणाच्या पाण्यात घुसळून मी कोवळ्या शेंड्यांवर शिंपडलं. मावा कमी झाला. राहिलेला मी अंगठ्यानं चिरडला. शाळेत असताना मुलींच्या डोक्यातल्या उवा काढायचा अनुभव होताच.

खरा उपयोग झाला तो या कशाचाच नाही. झाला तो रोज सकाळी छत्री मानेत धरून, ठिपका दिसलेलं प्रत्येक पान खुडण्याचा. खुडलेली आणि गळलेली पानं बालदीत गोळा करून चुलीत घालायची, झाडाखाली एकही ठेवायचं नाही. झाडाच्या मधल्या दाट फांद्या कापून टाकायच्या, म्हणजे वारा आरपार जातो आणि पानं लवकर सुकतात. वह्या तपासल्यासारखं काम. कंटाळवाणं, पण टाळलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट. कुणाच्याही चित्रफितीत हे नव्हतं, कारण यात दाखवण्यासारखं काही नाही.

बारावा गुलाब मी पहिल्याच आठवड्यात अंगणातून उचलून पडवीत आणला होता, पागोळ्यांच्या आत, नवऱ्याच्या खुर्चीशेजारी. पाऊस नाही, ठिपके नाहीत. शेंड्याला दोन कळ्याही धरल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

श्रावणाच्या सुरुवातीला मासळीवाली आली. पूर्णगडची, कित्येक वर्षांची ओळखीची. पावसात बोटी बंद असतात तेव्हा ती सुक्या मासळीचा बाजार घेऊन फिरते. टोपली पडवीत टेकवून तिनं अंगणावरून नजर फिरवली.

“बाय, ही कसली दशा झाली गो तुज्या गुलाबांची?”

मी सगळं सांगितलं.

“अगो, मासे धुतलेला पानी घाल मुळात. माज्या दारात येऊन बघ, जास्वंद कसा झालाय तो. औषदं कसली घेऊन बसलंस.”

हे पटण्यासारखंच होतं. आमच्याकडे माडांना मासळीचं खत घालतात, माशाचं पाणी झाडांना चांगलं हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. मी तिच्याकडून खारे बांगडे घेतले. दुसऱ्या दिवशी ते भिजत घातले, जेवणात कालवण केलं आणि भिजवलेलं पाणी बाराव्या गुलाबाला घातलं. आठ-दहा दिवसांत असं तीन वेळा घातलं.

पडवीत असा काही वास सुटला की विचारू नका. मांजरं कुंडीभोवती ठाण मांडून बसली. शेजारीण नाकाला पदर लावून विचारून गेली की घूस वगैरे मेली आहे का. नवरा कुंडीपासून हातभरावर बसून होता. त्यानं चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, माझ्या खटाटोपाची आता तो तक्रारसुद्धा करत नाही. तेही मला लागलं.

तिसऱ्या वेळेनंतर चार दिवसांनी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जाळावर धरल्यासारख्या. मग पानं गळायला लागली. दोन्ही कळ्या माना टाकून सुकल्या. मी खत कमी पडलं की पाणी कमी पडलं म्हणून कुंडीभोवती फेऱ्या मारत होते. शेवटी पूर्णगडच्या पाण्याचा आणखी एक डोस द्यावा, असं ठरवून आत वळले, तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

नवरा उठला होता. कुंडीजवळ उकिडवा बसला, दमून मिनिटभर थांबला, मग मातीवर आलेला पांढुरका थर नखानं खरवडला आणि बोट जिभेला लावलं.

“खारट हाय ही,” तो म्हणाला. “काय घातलंस ह्यात?”

मी सांगितलं.

“बांगडे ताजे होते?”

“आता पावसात ताजे कुठून आणू? खारे.”

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. वैशाखापासून तो हसला नव्हता. हसता हसता खोकला, खोकता खोकता खिशातला पंप काढून तोंडात मारला, आणि जरा श्वास आल्यावर पुन्हा हसला. “बटाटा,” एवढंच त्याला बोलता येत होतं. “तुझा तो बटाटा!”

सातवीच्या वर्गात दर वर्षी मी मिठाच्या पाण्यात बटाट्याची फोड ठेवायचे. तासाभरानं फोड लुळी पडते. मीठ जिवंत झाडातलं पाणी कसं ओढून घेतं, हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवायचे, आणि ते बटाटे सोलून देण्याचं काम घरी याच्याकडे असायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेरच्या अकरांपैकी एखाद्याला घातलं असतं तर तासाभरात पावसानं मीठ धुऊन नेलं असतं. मी नेमकं त्याला घातलं, ज्याच्यावर मीच छप्पर धरलं होतं.

“बाहेर काढ त्याला,” तो म्हणाला. “भिजू दे चांगला.”

वजन उचलायची त्याला मनाई होती. आम्ही कुंडीखाली गोणपाट सरकवलं आणि दोघांनी मिळून ती ओढत अंगणात नेली. तळाचं भोक त्यानं काटकीनं मोकळं केलं. दहा दिवस त्या कुंडीवर श्रावणाचा पाऊस कोसळत राहिला आणि रोज सकाळी हा माणूस छत्री घेऊन पायऱ्या उतरायचा, भोकातून झिरपणारं पाणी बोटावर घ्यायचा, चाखायचा आणि मला हाळी द्यायचा. “आज कमी हाय.” “आज जवळजवळ नाय.” अकराव्या दिवशी “गोडा झाला” म्हणाला. पाण्याला गोडं म्हणतात, झाडाला नव्हे, पण मी चूक काढली नाही.

त्यानंतर तो खुर्चीत फारसा बसला नाही. प्लास्टिकचं स्टूल घेऊन झाडाझाडाशी बसायचा आणि पानं खुडायचा. माझ्याहून बारकाईनं खुडायचा. एका झाडाला अर्धा तास, मग विसावा, मग पुढचं झाड. दोन झाडं मेली ती मेलीच. भाद्रपदात एक शिंपी पक्षी उरलेल्या झाडांतून अळ्या टिपायला यायला लागला. इतक्या वर्षांत तो या अंगणात आम्हाला दिसला नव्हता. मावा होता, पण त्याच्यावर लाल ढालकिडे बसलेले असायचे आणि ते मावा खातात हे शिकवलेलं मला या वेळी वेळेवर आठवलं. करंजाचं तेल मी ठेवून दिलं. उघडीप पडल्यावर शेंड्यांवर पांढरी भुरी आली तेव्हा आंबट ताक पाण्यात पातळ करून मारलं. ताकात मीठ नाही ना, हे त्यानं तीनतीनदा विचारून घेतलं.

आश्विन पौर्णिमेच्या सकाळी आम्ही दोघंही अंगणात उतरलो. विहारात दहाला जायचं होतं. जमिनीतल्या नऊ झाडांवर मिळून सहा फुलं होती, लहान, पण होती. कचेरीतल्या गुलाबाला खरडून काढल्यासारख्या फांद्यांवर नवी तांबूस पालवी होती आणि एकच फूल. त्याच्या बाहेरच्या पाकळीला किड्यानं कुरतडलं होतं. पूर्वी असं फूल त्यानं ताटात ठेवलं नसतं.

“हे धड म्हणायचं का?” मी विचारलं. मस्करीत विचारलं, पण दोडक्यांचा निकाल यावरच लागणार होता.

त्यानं कात्रीनं देठ कापला. फूल फिरवून सगळीकडून पाहिलं. “धड हाय,” तो म्हणाला. “दोडके पुढच्या वर्षी, कुंपणाला.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “मग हुंगा की आता. ताकाशिवाय काय आहे त्यावर?”

तो जरा थबकला. इतक्या वर्षांची सवय. मग त्यानं फूल नाकाशी नेलं आणि जमेल तेवढा श्वास आत ओढला. फूल खाली घेतलं, पुन्हा वर नेलं, डोळे मिटून पुन्हा ओढला.

“ह्याला वासच नाय,” तो म्हणाला. “कचेरीत असताना सगळे म्हणायचे, वास काय आहे!”

मी फूल हातात घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या अंगणातला गुलाब हुंगला. वास होता. एवढा होता की दचकायला झालं. आणि मला करपलेलं दूध आठवलं. मग मांजरं बसलेली ती कुंडी आठवली, त्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावरची. मी त्या दुधावरून काय काय बोलले होते तेही सगळं आठवलं.

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याला कळलं. मला त्या फवारणीच्या पंपाचा राग आला, शेजाऱ्याच्या टाकीच्या तळाचा राग आला, आणि दर रविवारी ते बघत गप्प बसलेल्या माझा सगळ्यात जास्त आला. डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, वास वयानंही जातो, कशानंही जातो, सांगता येत नाही. त्या सकाळी मला तेही ठाऊक नव्हतं.

“कसा हाय?” त्यानं विचारलं.

मी पुन्हा हुंगलं. आयुष्यभर मुलांच्या निबंधांत ‘सुंदर वास’ असं लिहिलेलं दिसलं की मी लाल रेघ मारत आले. आता मला दुसरं काही सुचेना. गुलाबपाण्यासारखा म्हणावं तर तसा नव्हता. अत्तरासारखा तर नव्हताच. मी तिसऱ्यांदा फूल नाकाशी धरलं तेव्हा सापडला.

“आपली मुलगी तान्ही होती ना,” मी म्हटलं, “न्हाऊ घातल्यावर तिच्या टाळूला यायचा, तसा.”



“मग मला ठाऊक हाय तो,” तो म्हणाला, आणि माझ्या हातातून फूल घेऊन त्यानं पुन्हा एकदा नाकाशी धरलं.